मॅचच्या आदल्या दिवशीची सूचना

भारत-पाकिस्तान सामना असला की आदल्या दिवशी शाळा सुटताना मी वर्गात एक सूचना देतो. ती कुठल्या परिपत्रकात नाही, मुख्याध्यापकांनी सांगितलेली नाही आणि सूचनावहीत तिची नोंदही होत नाही. मोबाईलवर स्टेटस ठेवायचं नाही. ग्रुपवर काही फॉरवर्ड करायचं नाही. चौकातल्या टीव्हीसमोर गर्दी करायची नाही. भारत जिंकला तर मिरवणुकीच्या मागेपुढे फिरायचं नाही, हरला तर घराबाहेर पडायचं नाही. आणि कुणी मुद्दाम काही विचारलंच, तर "मी मॅच बघितलीच नाही" म्हणून मोकळं व्हायचं.

२०२५च्या सप्टेंबरात आशिया चषकात दोन्ही संघ तीनदा समोरासमोर आले. १४, २१ आणि २८ तारखेला. तिन्ही रविवार. म्हणजे तीन शनिवारी सकाळच्या शाळेत मी ही सूचना दिली. तिसऱ्या वेळी मी "उद्या" म्हणताच पोरांनी पुढची सगळी वाक्यं पाठ म्हणून दाखवली. वर्ग हसला, मीही हसलो. घरी येताना मात्र गाडी चालवता चालवता मनात आलं, की बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मी हे नेमकं काय शिकवतोय? मॅच बघितलेली असताना बघितली नाही असं सांगायला. साध्या मराठीत याला खोटं बोलणं म्हणतात.

ही भीती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. मी जळगाव जिल्ह्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळच्या भागात, उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्याकडून बऱ्हाणपूर जवळ. लग्नकार्यं, केळीचे व्यवहार, दवाखाना, सगळ्यासाठी येणंजाणं. १८ जून २०१७ला चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात भारत हरला आणि बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या मोहद गावात पोलिसांनी पंधराहून जास्त मुस्लिम पुरुषांना उचललं. आरोप असा की पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केला, घोषणा दिल्या. कलम लावलं राजद्रोहाचं. ज्याच्या नावावर फिर्याद होती तो गावातला हिंदू तरुण पुढे आला आणि म्हणाला, मी अशी तक्रार दिलेलीच नाही. मग राजद्रोह गेला, दुसरं कलम आलं, खटला चालत राहिला. २०२३च्या ऑक्टोबरात कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. सहा वर्षं. ही बहुतेक मोलमजुरी करणारी माणसं. तारखेला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, हे पोलीस स्टेशनला कोण सांगणार? त्यातला एक जण तर निकाल ऐकायला या जगात उरला नव्हता.

२०२५च्या फेब्रुवारीत कोकणात तेच. सामना रविवारी झाला. भंगाराचा धंदा करणाऱ्या एका कुटुंबातल्या अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिली असा आरोप झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानावर बुलडोझर आला. त्या मुलाने काय म्हटलं, म्हटलं की नाही, हे ठरवायला कोर्ट असतं. पण दुकान त्याआधीच जमीनदोस्त झालं होतं.

तेव्हा माझी सूचना बरोबर होती की चूक? बापाच्या नजरेतून बघितलं तर बरोबर, शिक्षकाच्या नजरेतून बघितलं तर लाजिरवाणी.

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. दोन वर्षांपूर्वी सातवीला मी नेहमीचा विषय दिला होता, 'माझा आवडता खेळाडू'. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी निबंध म्हणजे डोंगर. बहुतेक जण गाईडमधून उतरवतात. एका मुलाने मात्र स्वतःचं लिहिलं. डावखुरा आहे, गल्लीत टेनिस बॉलने बॉलिंग टाकतो. त्याने लिहिलं होतं वसीम अक्रमवर. ज्याला त्याने एकदाही प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलं नाही, कारण अक्रमने खेळणं सोडलं तेव्हा याचा जन्मही झालेला नव्हता. सगळं मोबाईलवर बघितलेलं. पण लिहिलं काय होतं! चेंडू आधी सरळ येतो, फलंदाजाला वाटतं आता आपल्याला कळलं, आणि मग तो विचार बदलतो. चेंडू विचार बदलतो! व्याकरणाच्या सात चुका होत्या. असं एक वाक्य मात्र मला पंधरा वर्षांच्या नोकरीत कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

मी लाल पेनाने नावाभोवती गोल केला आणि खाली लिहिलं, 'दुसरा खेळाडू निवड.' वह्या तपासणीला जातात. तालुक्याहून कुणी येतं, चाळतं. कुणाच्या हातात कधी काय पडेल सांगता येत नाही. मुलाने विचारलं, "सर, का?" मी म्हणालो, "भारतीय खेळाडूवर लिहायचं होतं." विषयात तसं कुठेही नव्हतं. चार दिवसांनी त्याने बुमराहवर निबंध आणून दिला. गाईडमधला. एकही चूक नाही. मी दहापैकी आठ दिले.

पुढे कुठेतरी वाचनात आलं की मोहम्मद शमी कोलकात्याच्या आयपीएल संघात असताना अक्रमकडून शिकला आणि हे तो स्वतः मोकळेपणाने सांगतो. म्हणजे भारताच्या गोलंदाजाने ज्याला उस्ताद मानलं तर चालतं, त्याच्यावर खेड्यातल्या उर्दू शाळेतल्या पोराने दहा ओळी लिहिल्या तर चालत नाही. हा नियम कुणी केला? सरकारने केला नाही. मी केला. मला तो करायला कुणी सांगितलंही नाही, हेच सगळ्यात वाईट.

आमचे एक स्नेही नेहमी म्हणतात, पूर्वी असं नव्हतं, खेळ खेळ होता. मला हे पटत नाही. आपल्याच मुंबईत १९४६पर्यंत क्रिकेटची सगळ्यात मोठी स्पर्धा धर्माच्या नावाने भरायची. हिंदूंचा संघ, मुसलमानांचा, पारशांचा, युरोपियनांचा, आणि उरलेल्या सगळ्यांचा मिळून एक. महात्मा गांधींनी १९४०मध्ये त्याला उघड विरोध केला, तरी ती आणखी काही वर्षं चालली. आणि हिंदूंच्या संघात तरी सगळे सारखे होते का? पुण्यात नावारूपाला आलेले पळवणकर बाळू, त्या काळचे देशातले सर्वोत्तम फिरकी गोलंदाज. दलित म्हणून त्यांना कप्तानपद मिळालं नाही. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३मध्ये कप्तान झाला, तोही भांडण झाल्यावर. खेळाच्या मैदानावर राजकारण बाहेरून घुसलं असं आपण म्हणतो, तेव्हा ते आधीपासून आत बसलेलं होतं हे विसरतो.

माझ्या लहानपणीच्या आठवणीही अशाच मी बरीच वर्षं गोड करून सांगत आलो. १९८६ला शारजात मियांदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तेव्हा मी सात वर्षांचा असेन. आमच्या गल्लीत रेडिओ शेजारच्या पाटीलकाकांकडे. ओट्यावर सगळे बसलेले, हिंदूही, मुसलमानही. षटकार गेला आणि काकांनी चेतन शर्माला खानदेशी शिव्या घातल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. पण दोन-चार दिवस गेल्यावर तेच काका म्हणायचे, "काहीबी म्हणा, इम्रानसारखा एक बॉलर आपल्याकडे पाहिजे होता." हा किस्सा मी अनेक भाषणांत सांगितला. सलोख्याचं उदाहरण म्हणून. टाळ्याही घेतल्या. अलीकडेच लक्षात आलं, की त्या आठवणीत अब्बा आहेत, ओट्याच्या कडेला बसलेले, पण त्यांचं एकही वाक्य मला आठवत नाही. इम्रानचं कौतुक पाटीलकाका करू शकत होते. अब्बा नव्हते करू शकत. ते फक्त मान हलवायचे. म्हणजे ही सूचना माझ्याही आधीची आहे, फक्त ती तोंडाने दिली जात नव्हती.

तरीही फरक पडला आहे, तो मोजायला हवा. १९९१ला शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. जानेवारी १९९९मध्ये दिल्लीच्या कोटलावर तेच केलं. पण त्याच महिन्याच्या शेवटी चेन्नईत पहिली कसोटी झाली. सचिन पाठीच्या दुखण्यासह १३६ काढून बाद झाला, भारत अवघ्या १२ धावांनी हरला, आणि चेपॉकचं अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली. त्या प्रेक्षकांत किती हिंदू, किती मुसलमान, कुणी मोजलं नाही. खेळपट्टी उखडणारे होते, पण टाळ्या वाजवायला जागाही होती. आज त्या टाळ्यांचा व्हिडिओ कुणी मोहद गावातून टाकला असता तर?

मनोरंजनाची तऱ्हा वेगळी नाही. २०१५ला गुलाम अलींचा मुंबईतला कार्यक्रम रद्द झाला. जगजीत सिंगांच्या आठवणीत होता तो. २०१६ला 'ऐ दिल है मुश्किल'मध्ये पाकिस्तानी नट होता म्हणून मनसेने अट घातली, की अशा निर्मात्यांनी सैनिक कल्याण निधीला पाच कोटी द्यावेत. लष्कराच्या निवृत्त अधिकाऱ्यांनीच तेव्हा नाराजी दाखवली, की खंडणीसारखा पैसा आम्हाला नको. देशप्रेमाला भाव लागला तो असा. आणि दिलीपकुमार! देवळालीच्या शाळेत शिकलेला, मुंबईचा शेरीफ राहिलेला माणूस. १९९८ला पाकिस्तानने त्यांना निशान-ए-इम्तियाज दिला, पुढच्या वर्षी कारगिल झालं आणि परत करा, परत करा सुरू झालं. ते पंतप्रधान वाजपेयींना भेटले, वाजपेयींनी निर्णय त्यांच्यावर सोडला. पेशावरचे कपूरही होते. राज कपूरच्या घराण्याकडे पेशावरचा हिशोब कधी कुणी मागितला नाही, मागूही नये. युसूफ खानकडे मात्र पन्नास वर्षांच्या कामानंतर मागितला.

आता इथे एक जण हमखास म्हणेल, की मग पहलगामनंतरही पाकिस्तानशी खेळायचं का? प्रश्न चुकीचा नाही. २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, त्यांच्या बायकापोरांसमोर. त्यांच्या घरच्यांना सामना बघवला नसेल तर त्यात आश्चर्य नाही. राजकारण खेळापासून कायम लांबच ठेवावं असं माझं मतही नाही. १९७४ला डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारत पोहोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या निषेधात भारताने सामनाच सोडला, चषक त्यांना देऊन टाकला. अमृतराज बंधूंची ती संधी हुकली. तेही राजकारणच, पण त्याची किंमत देशाने मोजली. सरकारने, संघाने, खेळाडूंनी.

उद्या भारत सरकारने ठरवलं की पाकिस्तानशी कुठेच, कधीच खेळायचं नाही, तर मी त्यावर वाद घालेन कदाचित, पण तो निर्णय मला समजेल. मला समजत नाही ते आशिया चषकासारखं प्रकरण. सामने झाले. तिन्ही झाले. जाहिराती विकल्या गेल्या, चॅनेलवाल्यांनी दिवसभर युद्धाचं संगीत वाजवलं. फक्त हस्तांदोलन झालं नाही. पलीकडच्या खेळाडूंनी मैदानावर बंदुकीचे आणि विमान पाडल्याचे हावभाव केले. शेवटी तिलक वर्माने सुंदर खेळून भारताला जिंकून दिलं आणि चषक घ्यायला कुणी गेलं नाही, कारण तो द्यायला उभे होते मोहसीन नक्वी. आशियाई क्रिकेटचे अध्यक्ष, पाकिस्तान बोर्डाचे अध्यक्ष, आणि पाकिस्तानचे गृहमंत्रीही तेच! तिकडे गृहमंत्रीच क्रिकेट चालवतात. आपल्याकडे आयसीसीचे अध्यक्ष आपल्या गृहमंत्र्यांचे चिरंजीव आहेत. दोन्हीकडची ही माणसं एकमेकांशी सामने ठरवतात, वेळापत्रक करतात, पैशांची वाटणी करतात, आणि तेवढा वेळ कुणाचंही देशप्रेम आड येत नाही. ते आड येतं थेट आमच्या गल्लीत, पंक्चर काढणाऱ्या पोराच्या मोबाईलवर. खेळायचं नाही तर खेळू नका ना! पण खेळवायचं, कमवायचं, आणि देशभक्तीची वसुली करायला आमच्या मोहल्ल्यात यायचं, हे कुठलं गणित?

शमीकडे बघा. २४ ऑक्टोबर २०२१ला दुबईत भारत दहा गडी राखून हरला. एकही विकेट कुणालाच मिळाली नव्हती, शिव्या मात्र शमीला. गद्दार, पाकिस्तानात जा, पैसे खाल्ले. विराट कोहली पत्रकार परिषदेत त्याच्या बाजूने स्पष्ट बोलला, तर कोहलीच्या तान्ह्या मुलीला धमक्या आल्या. दोन वर्षांनी त्याच शमीने विश्वचषकात सात सामन्यांत २४ बळी घेतले, वानखेडेवर उपांत्य सामन्यात न्यूझीलंडचे एकट्याने सात. तेव्हा सगळ्यांचा लाडका. त्याच स्पर्धेत श्रीलंकेविरुद्ध पाच बळी घेऊन तो गुडघ्यांवर बसला, तर सजदा करणार होता का, घाबरून थांबला का, यावर दोन्ही देशांत चर्चा. तो शेवटी म्हणाला, मला सजदा करायचा असता तर कोण अडवणार होतं? मी मुसलमान आहे, भारतीय आहे, दोन्हीचा अभिमान आहे.

इथपर्यंत आपण सगळे माना डोलावतो. पुढचं सांगितलं की आपल्या माना थांबतात. ४ मार्च २०२५, पुन्हा दुबई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना. रमजान चालू. शमी बाटलीतून काहीतरी प्यायला, कॅमेऱ्यात दिसलं. दोन दिवसांत बरेलीच्या एका मौलानांनी जाहीर केलं की रोजा न ठेवून त्याने गुन्हा केला. आपल्याच ग्रुपवर तो व्हिडिओ मला चार जणांनी पाठवला. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत सूरह बकरात आहे, मदरशातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ती माहीत असते, आणि अनेक उलेमांनी तसं तेव्हाच सांगितलं. पण मुद्दा मसल्याचा नव्हताच. चॅनेलला मौलाना हवा होता, मौलानांना चॅनेल हवं होतं. चार वर्षांपूर्वी ज्याला मुसलमान म्हणून झोडपलं, त्याला आता पुरेसा मुसलमान नाही म्हणून झोडपलं. सानिया मिर्झाचं हेच झालं. २००५ला आपल्यातल्यांनी तिच्या स्कर्टची लांबी मोजली, आणि २०१४ला तेलंगणाची सदिच्छादूत झाली तर एका आमदाराने तिला पाकिस्तानची सून म्हटलं. तेव्हा आपण त्या आमदाराचा निषेध केला. २००५ला गप्प बसलो होतो.

फटाक्यांचंही सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा म्हणेल हे गाळलं. पाकिस्तान जिंकल्यावर फटाके फोडणारे एक-दोन जण आमच्याकडे होते. नव्वदच्या दशकात मी डोळ्यांनी बघितलेत. खोड काढायची हौस, दुसरं काही नाही. अब्बांनी त्यातल्या एकाला कानाखाली वाजवली होती, तो अब्बांचा सख्खा भाचा होता. त्या दोन अवलक्षणी पोरांचं व्याज तीस वर्षं झाली, आम्ही सगळे भरतोय. भारत जिंकल्यावर फोडलेले फटाके कुणाच्या हिशोबात धरले जात नाहीत. २०११ला श्रीरामपूरच्या झहीर खानने विश्वचषकात २१ बळी घेतले, त्या रात्री आमचा मोहल्ला दोन वाजेपर्यंत जागा होता. ते कुणी येऊन बघितलं नाही.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी शिक्षक म्हणाले, "काय सर, तुमच्या टीमचं काय झालं काल?" चांगला माणूस आहे. माझ्या मुलीच्या आजारपणात रात्री अकरा वाजता गाडी घेऊन आला होता. त्याला बोचेल असं काही म्हणायचंच नव्हतं, तो विनोद होता. मी नेहमीसारखा हसलो आणि डब्यातली भाजी पुढे केली. मग काय झालं कुणास ठाऊक, म्हणालो, "माझी टीम जिंकली की, पाच गडी राखून." तो क्षणभर थांबला. "तसं नाही हो सर," म्हणाला, आणि थोड्या वेळाने परत म्हणाला, "सॉरी." आम्ही दोघांनी जेवण संपवलं. त्यानंतर त्याने तसं कधी म्हटलेलं नाही. मला मात्र हे एक वाक्य बोलायला वीस वर्षं लागली, आणि तेही समोर मित्र होता म्हणून.

तो मुलगा आता नववीला आहे. उंच झालाय, रनअप लांब झालाय. परवा मधल्या सुट्टीत मैदानाच्या भिंतीला टेकून मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे, म्हणून मी मागून गेलो. पडद्यावर अक्रम होता. एकच चेंडू तो मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघत होता, मनगट कुठे वळतं ते. मला बघून दचकला. मोबाईल घेतला नाही मी. विचारलं, "आवाज का बंद ठेवलायस?"

"सर, तुम्हीच सांगितलं होतं ना," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, जरा मोठा कर.